खोकता आलं पाहिजे : छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आणि ते थांबवण्याच्या वाटा



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते छातीचे शल्यचिकित्सक होते. अशा माणसाच्या स्मृतीला एका भूलतज्ज्ञाने आदरांजली वाहायची, तर ती त्यांच्या रुग्णांच्या वेदनेबद्दल बोलूनच वाहावी असं मला वाटलं. विषय तसा आमच्या परिषदांमधला आहे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून मज्जातंतूंचे निरनिराळे ब्लॉक देतात, त्यांत चांगला कोणता? डॉक्टरांनी यावर पुष्कळ वाद घातले आहेत. पण हा प्रश्न तुमच्यासमोर, सर्वसामान्य श्रोत्यांसमोर, मांडायला माझ्याकडे एक कारण आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं आहे. नातेवाईक म्हणतात, ‘ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच.’ वॉर्डात म्हणतात, ‘थोडं सहन करा.’ रुग्ण सहन करतो. छातीच्या बाबतीत हे सहन करणं धोक्याचं आहे. का, ते आधी सांगतो.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी होते. रुग्ण पलंगावर टेकून बसलेला असतो. दुखतंय का विचारलं, तर म्हणतो, बरं आहे. कागदावर आकडा पडतो : दहापैकी दोन. आता त्याच माणसाला म्हणा, ‘काका, एकदा जोरात खोका बरं.’ तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. मग हात जखमेकडे जातो, उशी छातीशी आवळली जाते, ओठ घट्ट मिटतात आणि घशातल्या घशात एक बारीकसा आवाज येतो. याला खोकला म्हणत नाहीत. आणि तो आकडा दोन नव्हता, आठ होता. आपण चुकीच्या वेळी विचारलं.

हात मोडला तर गळ्यात अडकवता येतो. पाय प्लास्टरमध्ये ठेवता येतो. छातीला विश्रांती कशी द्यायची? मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला एकवीस हजारांच्या वर होतात. प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात, म्हणजे प्रत्येक श्वासाला जखम हलते. माणूस काय करतो? श्वास उथळ घेतो. खोकला दाबतो. फुप्फुसाचा खालचा भाग मग फुगत नाही, कफ तिथेच साचतो, तो भाग मिटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येतो. न्यूमोनिया झाला असं आपण म्हणतो. त्या न्यूमोनियाची सुरुवात न आलेल्या खोकल्यात होती, हे केसपेपरवर कुठेही लिहिलेलं नसतं.

मग मॉर्फिन देऊन मोकळं का होऊ नये? मॉर्फिन उत्तम औषध आहे, आणि आपल्या देशात ते गरजूंना पुरेसं मिळत नाही याचं मला दुःख आहे. पण ते वेदनेबरोबर श्वासही मंदावतं आणि खोकल्याची ऊर्मीही दाबतं. ज्या दोन गोष्टी आपल्याला हव्यात, त्यांवरच त्याचा हात पडतो. म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच अडवायची, हा विचार पुढे आला.

ती वाट नीट बघू या, कारण सगळी तुलना या वाटेवरच उभी आहे. मज्जारज्जूतून छातीच्या भागात मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. मणक्यांच्या मधल्या छिद्रातून प्रत्येक तंतू बाहेर येतो, एक फांदी पाठीकडे पाठवतो आणि मग बरगडीच्या खालच्या कडेने पुढे वळतो. त्या कडेला एक खोबण असते. तिच्यात वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू अशा क्रमाने तिघं बसलेली असतात, आणि मज्जातंतू सगळ्यात खाली, सगळ्यात उघडा. सर्जन दोन बरगड्यांमध्ये रिट्रॅक्टर लावून छाती फाकवतो, तेव्हा तोच चेपतो. छाती शिवताना बरगडीभोवती टाका घेतला, तरी तोच सापडू शकतो. चेपलेला मज्जातंतू विसरत नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनीही जवळजवळ निम्म्या रुग्णांना त्या जागी काही ना काही दुखतं, असं अनेक पाहण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो. सगळ्यांचं दुखणं तीव्र नसतं. पण सदरा अंगाला लागला तरी आग होते असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

प्रत्येक ब्लॉक म्हणजे या वाटेवर औषधाने अडवायची एक जागा. मज्जारज्जूच्या जितकं जवळ अडवाल, तितका अडथळा पक्का आणि तितकी जोखीम मोठी. दूर गेलात तर जोखीम कमी, पण अडथळा कच्चा. आज जे सांगायचं आहे त्याचा मोठा भाग या दोन वाक्यांत आला.

सगळ्यात जवळची जागा एपिड्युरल. १९२१ साली स्पेनच्या लष्करातले शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लेख स्पॅनिश भाषेत होता, दोनच वर्षांनी त्यांचं अपघाती निधन झालं, आणि जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही. दहा वर्षांनी इटलीच्या आकिले दोलिओत्ती यांनी ती पुन्हा मांडली, तेव्हा कुठे ती रुजली. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून सतत औषध सोडायचं. दोन्ही बाजूंचे तंतू मुळाशीच बधिर होतात. नीट बसलेली एपिड्युरल म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं तो विसरत नाही : छातीवर वीतभर जखम असलेला माणूस संध्याकाळी खुर्चीत बसून चहा पितो आणि सांगितलं की खणखणीत खोकतो. कित्येक वर्षं छातीच्या शस्त्रक्रियेसाठी हीच सर्वोत्तम पद्धत मानली गेली, आणि ते चुकीचं नव्हतं.

पण तिची किंमत आहे. दुखणाऱ्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही बधिर होतात आणि रक्तदाब उतरतो. एरवी सलाइन चढवून तो सावरता येतो. फुप्फुसाचा भाग काढलेल्या रुग्णाला मात्र पाणी जपून द्यावं लागतं, नाहीतर उरलेलं फुप्फुस ओलं होतं. म्हणजे उपाय करायलाही मोकळीक नाही. लघवी अडते, एपिड्युरलमध्ये मॉर्फिनच्या जातीचं औषध मिसळलं तर खाज सुटते, मळमळतं. आणि एक दुर्मीळ पण भयंकर धोका : मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन मज्जारज्जू दबण्याचा. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने देशभर पाहणी करून २००९ साली अहवाल दिला. सात लाखांहून अधिक स्पायनल आणि एपिड्युरलमध्ये कायमच्या इजेचं प्रमाण लाखात साधारण दोन ते चार निघालं. धोका फार थोडा, हे खरं. पण ज्याच्या पायांतली ताकद गेली त्याच्यासाठी तो थोडा नसतो. आणि आज आपल्याकडे साठीपुढचा किती रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या न घेता येतो? स्टेंट, अँजिओप्लास्टी, अनियमित ठोके, सगळ्यांना गोळ्या. त्या वेळेत थांबवल्या नसतील तर एपिड्युरलचा विचारही करता येत नाही.

थोडं बाहेर सरकलं की मणक्याच्या शेजारी एक त्रिकोणी जागा लागते. मज्जातंतू छिद्रातून बाहेर पडून बरगडीकडे निघालेला असतो, तेव्हा तो या जागेतून जातो. इथे औषध द्यायचं म्हणजे पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक. याची कथा चटका लावणारी आहे. जर्मनीत ह्यूगो झेलहाइम यांनी तो १९०५ साली दिला, म्हणजे एपिड्युरलच्याही आधी. पुढे मधली काही दशकं तो जवळजवळ अडगळीत पडला. १९७९ साली ईसन आणि वायट या दोघांनी त्याचा नव्याने विचार करणारा लेख लिहिला आणि तो परत आला. सोनोग्राफीने त्याचा उरलेला धाक घालवला. पडद्यावर मणक्याचा आडवा काटा दिसतो, फुप्फुसावरचं आवरण पांढऱ्या चकचकीत रेषेसारखं श्वासाबरोबर सरकताना दिसतं. सुई त्या रेषेच्या अलीकडे थांबवायची आणि औषध सोडायचं. औषध योग्य जागी गेलं, तर ती पांढरी रेषा हळूच खाली दबते. ती दबताना दिसली की हात निश्चिंत होतो. नाही दिसली, तर थांबून सुई पुन्हा बघायची.

याचा मोठा गुण म्हणजे तो एका बाजूलाच काम करतो. शस्त्रक्रिया एका बाजूची, तर बधिरता दोन्ही बाजूंना कशाला? रक्तदाब फारसा उतरत नाही, लघवी अडत नाही, माणूस लवकर चालतो. मग वेदना कोणात कमी? अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात १४ अभ्यासांतले ६९८ रुग्ण एकत्र करून हीच तुलना केली. वेदनाशमन दोघांचं सारखं. मृत्यू, मोठ्या गुंतागुंती, रुग्णालयातले दिवस यांतही फरक नाही. रक्तदाब उतरणं, मळमळ, खाज, लघवी अडणं मात्र पॅराव्हर्टेब्रलमध्ये कमी. आता विचार करा : काम तेवढंच, त्रास कमी, तर निवड कुठली करायची? एका बाजूची छाती उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेत माझा कौल पॅराव्हर्टेब्रलला आहे. दोन्ही बाजूंची छाती उघडायची असेल, किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगासारखी छाती आणि पोट दोन्हीकडे जाणारी शस्त्रक्रिया असेल, तर एपिड्युरलची जागा अजून पक्की आहे.

इथे आपल्या देशाचं एक वेगळेपण सांगायला हवं. पाश्चात्त्य अभ्यासांतले रुग्ण बहुतेक फुप्फुसाच्या कर्करोगाचे असतात. आपल्याकडे छाती उघडावी लागते ती पुष्कळदा क्षयामुळे. छातीत पू साचून फुप्फुसाभोवती जाड साल तयार झालेली असते, ती सोलून काढावी लागते. ती सोलताना बरगड्यांच्या आतलं आवरण फाटतं. औषध ज्या जागेत साठून राहायला हवं, तिची भिंतच फाटली तर औषध छातीत गळून जातं. शिवाय जवळ पू असताना तिथे नळी ठेवायला मन धजत नाही. ज्या पद्धतीने कर्करोगाच्या रुग्णात बाजी मारली, ती इथे लंगडी पडू शकते. बाहेरच्या आकड्यांवरून आपला निर्णय घेताना हा रुग्ण डोळ्यांसमोर हवा.

तो बहुधा कृश असतो. चाळीस किलो वजन. आमच्या नेहमीच्या ब्युपिव्हाकेन या औषधाची एका वेळची मर्यादा किलोला साधारण दोन मिलिग्रॅम धरली, तर त्याला ऐंशी मिलिग्रॅमच देता येतं. पाव टक्क्याच्या औषधाचे फक्त बत्तीस मिलिलिटर. धट्ट्याकट्ट्या माणसाला देतो तसं हात सैल सोडून दिलं, की ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, मग झटके, आणि शेवटी हृदय थांबण्यापर्यंत मजल जाते. यावर उतारा म्हणून वीस टक्क्यांचं लिपिड शिरेतून देतात. जिथे ब्लॉक दिले जातात तिथे त्याची बाटली कपाटात असलीच पाहिजे. नसेल तर ब्लॉक देऊ नये, इतक्या स्पष्ट शब्दांत मी हे सांगतो.

आणखी बाहेर या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात जास्त गाजावाजा झाला तो इथल्या ब्लॉकांचा. २०१३ साली राफाएल ब्लांको यांनी सिरेटस ब्लॉक मांडला. काखेखाली, बरगड्यांवरच्या स्नायूच्या थरात औषध. २०१६ साली कॅनडातून मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉक मांडला. पाठीच्या कण्याला धरून उभे स्नायू असतात, त्यांच्याखाली औषध. इथे सुई मणक्याच्या आडव्या काट्यावर, म्हणजे हाडावर, टेकते. पलीकडे घसरून फुप्फुसाला लागण्याची भीती जवळजवळ नाही. शिकायला सोपा, द्यायला सोपा. काही वर्षांत तो जगभर पसरला.

पण औषध मज्जातंतूपाशी पोहोचतं का? शेताच्या बांधावर पाणी सोडलं तर ते पलीकडच्या वाफ्यात पाझरेल खरं, पण किती आणि कुठवर, हे त्या मातीवर. मृतदेहांवर रंग सोडून केलेल्या अभ्यासांत काहींत तो मज्जातंतूच्या मुळापर्यंत पोहोचलेला दिसला, काहींत पाठीच्या स्नायूंतच राहिला. वॉर्डातही तसंच. एका रुग्णाला उत्तम आराम, शेजारच्या खाटेवर तोच ब्लॉक, तेच औषध, आणि निम्माच उपयोग. सिरेटसची मर्यादा तर शरीररचनेतच आहे. तो छातीची बाजू आणि पुढचा भाग सांभाळतो. जखम पाठीकडे गेली असेल तर तेवढा तुकडा जागाच राहतो.

माझा आक्षेप या ब्लॉकांना नाही, त्यांच्या तुलना कशा केल्या जातात याला आहे. इरेक्टर स्पायनी दिलेला गट आणि काहीच न दिलेला गट. कोण जिंकणार? हे विचारायला अभ्यास कशाला हवा? तुलना करायची तर पॅराव्हर्टेब्रलशी करा. दुसरं, निकाल कशात मोजला? चोवीस तासांत वाचलेलं मॉर्फिन. काही मिलिग्रॅम वाचले, आकडेवारीत फरक सिद्ध झाला, लेख छापून आला. रुग्णाला तो फरक जाणवला का? त्याने खोल श्वास घेतला का? तीन चेंडूंचं ते स्पायरोमीटर ओढताना दुसरा चेंडू वर गेला का? तिसरं, वेदना झोपलेल्या स्थितीत विचारली की खोकताना? या तीन कसोट्या लावल्या तर अनेक लेख बाजूला ठेवावे लागतात.

तरी नुसता नकारही बरोबर नाही. दुर्बिणीतून होणाऱ्या छातीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असतात, बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. तिथे असा हलका ब्लॉक पुरतो. युरोपातल्या ‘प्रॉस्पेक्ट’ गटाने २०२२ साली अशा शस्त्रक्रियांसाठी पॅराव्हर्टेब्रल किंवा इरेक्टर स्पायनी हे पहिल्या पसंतीचे, सिरेटस दुसऱ्या पसंतीचा, असं सुचवलं, आणि जोडीला नियमित पॅरासिटामॉल व सूज कमी करणारी वेदनाशामकं. मला हे पटतं. आणि जो रुग्ण रक्त पातळ करणारी औषधं थांबवू शकत नाही, त्याच्यासाठी पाठीत खोल सुई घालण्यापेक्षा इरेक्टर स्पायनी, सिरेटस हे वरवरचे ब्लॉक कितीतरी सुरक्षित.

बरगड्यांमधल्या तंतूंना थेट सुई देण्याची जुनी पद्धत थोडक्यात सांगतो. छाती उघडी असताना सर्जन आतून, डोळ्यांसमोर, हे करू शकतो. औषध रक्तात फार झपाट्याने शोषलं जातं आणि काही तासांत उतरतं, हे तिचे दोष. पण सोनोग्राफी नसलेल्या ठिकाणी काहीच न देण्यापेक्षा ती शंभरपट बरी. त्याहून बरं म्हणजे छाती शिवण्याआधी सर्जनने बरगड्यांच्या आतल्या आवरणामागे, मणक्यालगत, नळी ठेवायची. ब्रॅडफर्डचे सर्जन साबानाथन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हे दाखवून दिलं. त्याला यंत्र लागत नाही. लागतात ती दहा मिनिटं, आणि सर्जन व भूलतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं.

यंत्राचा विषय निघालाच आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४चा. तो कायदा हवाच. भूलतज्ज्ञाचं सोनोग्राफी यंत्रही त्याच्या नोंदणीत येतं. त्या कागदपत्रांच्या धास्तीने रुग्णालयं यंत्र घेतच नाहीत, किंवा घेतलं तरी ते एका खोलीत कुलूपबंद ठेवतात. नोंदणी पूर्ण करा, नोंदी चोख ठेवा आणि यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ द्या, एवढी माझी व्यवस्थापनांना विनंती आहे.

आता ज्या गोष्टीपुढे सगळे ब्लॉक हरतात ती सांगतो. रात्र. सकाळी अकराला दिलेला एका सुईचा ब्लॉक आठ-दहा तास, फार तर अर्धा दिवस टिकतो. संध्याकाळी भेटायला आलेले नातेवाईक खूश होऊन जातात. रात्री दहाच्या पुढे तो उतरू लागतो आणि मध्यरात्री रुग्ण घामाने भिजून जागा होतो. भूलतज्ज्ञ घरी गेलेला असतो. वॉर्डात एकट्या सिस्टरकडे वीस-पंचवीस खाटा. पत्रकावर लिहिलेलं असतं, ‘दुखल्यास इंजेक्शन.’ रुग्णाने सांगायचं, सिस्टरने ड्युटी डॉक्टरला फोन करायचा, मग औषध. छातीतलं पाणी आणि हवा बाहेर काढणारी नळी तर तीन-चार दिवस राहते आणि प्रत्येक श्वासाला टोचते. एका सुईने काय होणार? म्हणून औषधाची नळी ठेवून चालू राहणारा कुठलाही ब्लॉक मला एका सुईच्या उत्तम ब्लॉकपेक्षा मोलाचा वाटतो. आणि नळी ठेवायची तर ती सांभाळणारं माणूस हवं. औषधाची पिशवी रात्री संपली तर बदलणारं. नळी सरकली तर ओळखणारं. बर्फाचा तुकडा छातीवर फिरवून, गार कुठे लागत नाही हे बघणारं. ब्लॉक कोणता चांगला, याचं निम्मं उत्तर या माणसाजवळ आहे.

आणि कुठलाही ब्लॉक एकटा पुरत नाही. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच बाजूचा खांदा ठणकतो. घरच्यांना वाटतं, टेबलावर हात वाकडा राहिला असेल. बहुतेकदा कारण वेगळं असतं. श्वासपटलाकडे जाणारा मज्जातंतू मानेतून निघतो; छातीच्या आत तो दुखावला की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. छातीचे ब्लॉक तिथे पोहोचतच नाहीत. एपिड्युरलही नाही. तिथे साध्या गोळ्या लागतात, वेळच्या वेळी, न मागता दिलेल्या. शस्त्रक्रियेच्या रात्री पॅरासिटामॉलची वेळ चुकवून ब्लॉकला दोष देणं बरोबर नाही.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगतो : एक पद्धत अशी शिका की ती अडचणीच्या रुग्णातही हमखास बसेल, आणि दुसरी अशी जवळ ठेवा की पहिली नाकारावी लागली तर उपयोगी पडेल. दरवर्षी नवा ब्लॉक येईल. त्याच्या मागे धावण्याआधी तुमच्या वॉर्डातल्या गेल्या महिन्यातल्या रुग्णांचे खोकतानाचे आकडे काढून बघा.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरातल्या कोणाची छातीची शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला भेटता तसे भूलतज्ज्ञालाही आधी भेटा. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. कोणता ब्लॉक देणार आणि का, हे विचारा. तो किती वेळ टिकेल, हे विचारा. आणि तो रात्री उतरला तर कोणाला बोलवायचं, त्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच लिहून घ्या.